ई-चलन चुकीचं आलंय? वकील न लावता कोर्टात कसं लढायचं, क्रमाने

ओळखीपाळखीतल्या बऱ्याच जणांच्या चलनाच्या केसेस जवळून बघितल्या, स्वतःची एक शेवटपर्यंत लढलो, आणि दरवेळी त्याच चुका दिसतात म्हणून हे एकदा नीट लिहून ठेवतोय. कोणी रागारागात आधी पैसे भरतो आणि मग तक्रार करतो. कोणी लोकअदालतीत जातो आणि तिथं आपलं म्हणणं ऐकून घेतील असं समजतो. कोणी कोर्टात उभं राहिल्यावर घाबरून "कबूल" म्हणून मोकळा होतो आणि बाहेर येऊन म्हणतो माझी चूकच नव्हती. खाली दिलेला क्रम पाळला तर निदान या चुका होणार नाहीत.

हे सगळं महाराष्ट्रातल्या साध्या चलनांसाठी आहे, म्हणजे सिग्नल, वेग, पार्किंग, हेल्मेट, सीटबेल्ट, कागदपत्रं. दारू पिऊन गाडी चालवण्याचा गुन्हा (कलम १८५) असेल, अपघातात कोणाला लागलं असेल किंवा पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि वकील गाठा. तिथं लायसन्स आणि तुरुंगवास पणाला लागलेला असतो, एकट्यानं जाऊ नका.

१. पैसे भरू नका, आधी चलन उघडून वाचा

मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खाली चलनाचे पैसे भरणं म्हणजे कायद्याच्या भाषेत तडजोड. तडजोड झाली की ते प्रकरण संपलं, पुढे कारवाई नाही आणि तुमची हरकतही नाही. "आत्ता भरून टाकतो, मग रिफंड मागतो" हा रस्ता जवळपास बंदच असतो, त्यामुळे लढायचं का भरायचं हे भरण्याच्या बटणाला हात लावायच्या आधी ठरवा.

चलन बघायचं ते राज्याच्या ई-चलन पोर्टलवर किंवा महाट्रॅफिक ॲपवर. मेसेजमधल्या लिंकवर डोळे झाकून क्लिक करू नका, खोट्या चलनाचे मेसेज आणि व्हॉट्सॲपवरून येणाऱ्या एपीके फाइल्सनी (उघडल्या की फोनमध्ये ॲप बसवणाऱ्या फाइल्स) लोकांची खाती रिकामी केलीयेत. स्वतः ॲप उघडा, गाडीचा नंबर आणि चॅसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे आकडे टाका आणि चलन तिथं खरंच आहे का ते बघा.

सापडलं की हे वाचा आणि वहीत लिहून घ्या: चलन क्रमांक, तारीख, वेळ, ठिकाण, लावलेलं कलम, दंडाची रक्कम, फोटो आहे का, फोटोत काय दिसतंय, आणि हरकत घ्यायची मुदत. हे नियम मधूनमधून बदलतात, म्हणून मुदत किती आणि हरकत फेटाळली तर कोर्टात जायच्या आधी काही रक्कम भरावी लागते का, हे पोर्टलवरच वाचा. शेजाऱ्याच्या दोन वर्षांपूर्वीच्या अनुभवावर जाऊ नका.

*तपासणी: चलनाचा आणि फोटोचा स्क्रीनशॉट आजच काढला का? पोर्टलवरचा फोटो पुढे उघडेलच असं नाही.*

२. मुद्दा पकडा, आणि एकच पकडा

सगळ्यात जास्त लोक इथंच चुकतात म्हणून इथं जरा थांबतो. चलन आलं की डोक्यात गोष्ट सुरू होते, मी कधीच सिग्नल तोडत नाही, त्या दिवशी आई आजारी होती, पुढचा रिक्षावाला पण गेला त्याला काही नाही, पोलीस झाडामागं उभा होता. माणूस म्हणून हे सगळं खरं असेल, पण यातल्या एकाही वाक्यानं चलन पडत नाही. रिक्षावाल्याला सोडलं म्हणजे तुम्ही सुटत नाही. कोर्टासमोर प्रश्न एवढाच असतो की त्या वेळी, त्या ठिकाणी, त्या गाडीनं, त्या कलमात लिहिलेली गोष्ट केली हे सरकारपक्षानं सिद्ध केलं का. तुमचा मुद्दा या चारपैकी कशावर तरी बोट ठेवणारा हवा.

चालणारे मुद्दे साधारण असे:

गाडी माझी नाही. नंबर प्लेटवरचा ३ आणि ८, किंवा बी आणि डी यांची गल्लत होते, किंवा कोणीतरी तुमच्या नंबरची बोगस प्लेट लावून फिरत असतो. फोटोत गाडीचं मॉडेल, रंग, आरसा, स्टिकर, डेंट नीट बघा. हा सगळ्यात मजबूत मुद्दा, आणि बऱ्याचदा कोर्टापर्यंत जावंही लागत नाही. बोगस प्लेट असेल तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घ्याच, कारण चलन हा त्यातला सगळ्यात छोटा त्रास आहे.

फोटोत गुन्हाच दिसत नाही. सिग्नल तोडल्याचं चलन आणि फोटोत सिग्नलचा दिवाच नाही, स्टॉप लाइनही नाही, नुसती गाडी आणि प्लेट. माझी केस हीच होती.

कॅमेऱ्याच्या चलनासोबत जे हवं ते नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये २०२१ साली नियम १६७ए आला, तो वाचाच. कॅमेऱ्यानं पकडलेल्या चलनासोबत गुन्हा आणि नंबर प्लेट स्पष्ट दाखवणारा फोटो, यंत्रानं केलेलं मोजमाप, तारीख-वेळ-ठिकाण, मोडलेलं कलम आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं सही केलेलं प्रमाणपत्र असावं असं त्यात आहे. यंत्राला मंजुरीचं प्रमाणपत्र हवं आणि ते दरवर्षी नवं करायला हवं. पुढे कॅमेरा आहे अशी ठळक पाटी आधी हवी. आणि गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत पाठवायला हवी. नियमात पुराव्याच्या कायद्याचं जुनं कलम ६५बी लिहिलंय, १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे.

पाटीच नव्हती. नो पार्किंगची पाटी नाही किंवा फांदीमागं झाकलेली, वेगमर्यादेचा बोर्ड पडलेला. फोटो मात्र त्याच दिवशीचा किंवा एक-दोन दिवसांतला हवा, दोन महिन्यांनी काढलेला फोटो त्या दिवसाबद्दल काही सांगत नाही.

गाडी विकली होती. इथं मी स्पष्ट सांगतो, नुसती दोनशे-पाचशेच्या स्टँपपेपरवरची नोटरी आणि "डीलरकडे दिली होती" यावर फार विसंबू नका. आरटीओच्या रेकॉर्डला ज्याचं नाव तो मालक. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० ची पोच, डिलिव्हरी नोट, पैसे आल्याची बँक नोंद हे सगळं लागेल.

कागद होते पण जवळ नव्हते. डिजिलॉकर आणि एम-परिवहनमधले कागद ग्राह्य आहेत, आणि नियम १३९ प्रमाणे जवळ नसलेले कागद १५ दिवसांत दाखवायची सोय आहे. ते १५ दिवस झोपून काढू नका.

जुनं चलन. फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घ्यायला कोर्टाला सहा महिन्यांची मुदत असते (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता कलम ५१४, आधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं ४६८). कोर्ट कारण असेल तर उशीर माफ करू शकतं, म्हणजे हा हुकमी पत्ता नाही, पण केस त्यानंतर दाखल झाली असेल तर लेखी मांडायलाच हवा.

यातले दोन मुद्दे लागू असतील तर एक मुख्य ठेवा, दुसरा मागं. सहा मुद्दे टाकले की सगळेच पातळ होतात, आणि "मी तिथं नव्हतोच" आणि "होतो पण पाटी नव्हती" हे दोन्ही एकाच अर्जात लिहिलेलं मी बघितलंय, तसं करू नका.

*सावध राहा: एकही मुद्दा बसत नसेल आणि चूक झालेली असेल तर भरून टाका. कोर्ट तडजोडीच्या रकमेला बांधील नसतं. उदाहरणार्थ हेल्मेटचं चलन आपल्याकडे ५०० रुपयांवर मिटत आलंय, पण कायद्यातल्या कलम १९४डी मध्ये १००० रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स अपात्र असं लिहिलंय.*

३. पुरावा आठवडाभरात गोळा करा

जागेवर परत जा. त्याच वेळेला जा, म्हणजे रात्रीचं चलन असेल तर रात्री. पाटी कुठे आहे, सिग्नल कुठून दिसतो, पट्टे पुसलेत का, याचे फोटो आणि एक सलग व्हिडिओ काढा ज्यात चौकाचं किंवा दुकानाचं नाव दिसेल. फोनमध्ये लोकेशन चालू ठेवा. मूळ फाइल फोनमध्येच राहू द्या, व्हॉट्सॲपवरून फिरवलेली कॉपी म्हणजे मूळ नाही.

गाडी दुसरीकडे होती हे दाखवायचं असेल तर फास्टॅगचं स्टेटमेंट, पार्किंगची पावती, गॅरेजचं जॉब कार्ड, ऑफिसच्या गेटवरची नोंद यातलं जे असेल ते. सोसायटीचं सीसीटीव्ही फुटेज लवकर मागा, बऱ्याच ठिकाणी काही दिवसांत त्यावर नवं रेकॉर्डिंग चढतं. आणि लक्षात ठेवा, प्रमाणपत्राचा नियम तुमच्या फोटो-व्हिडिओलाही लागू आहे. कलम ६३ च्या प्रमाणपत्राचा नमुना कायद्याच्या शेवटी दिलाय, त्यात भाग अ आणि भाग ब असे दोन भाग असतात, कोर्टाच्या आवारातल्या टायपिस्टकडून अंदाजे भरून न घेता स्वतः वाचून घ्या. ज्याच्या हातात कागद असतो (पावती, जॉब कार्ड) तो या भानगडीतून सुटतो, म्हणून कागदी पुरावा मिळत असेल तर तो पहिला.

वेगाच्या किंवा कॅमेऱ्याच्या चलनाला माहिती अधिकार वापरा. वाहतूक शाखेच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज, १० रुपये फी, राज्याच्या आरटीआय पोर्टलवरूनही करता येतो. महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द अशी मर्यादा आहे, त्यामुळे भाषण लिहू नका. एवढंच मागा: अमुक तारखेला अमुक ठिकाणी वापरलेल्या यंत्राच्या मंजुरी प्रमाणपत्राची प्रत आणि त्या रस्त्याच्या वेगमर्यादेच्या अधिसूचनेची प्रत. उत्तराला ३० दिवस लागतात, म्हणून हा अर्ज आत्ताच टाका, कोर्टाची तारीख लागल्यावर टाकून उपयोग नाही.

४. ऑनलाइन हरकत घ्या, कोर्टात जायचं ठरलेलं असलं तरी

महाट्रॅफिक ॲपवर आणि पोर्टलवर तक्रारीचा पर्याय आहे. नंबर प्लेटची गल्लत असेल तर बहुतेक वेळा काम इथंच होतं. आमच्याच बिल्डिंगमधल्या एका काकांना पांढऱ्या स्कूटरसाठी चलन आलं, त्यांची गाडी काळी मोटरसायकल, आरसीचा आणि गाडीचा फोटो जोडला आणि चलन रद्द झालं. बाकी मुद्द्यांवर नकार येण्याची शक्यता जास्त, तरी करायची, कारण पहिल्या दिवसापासून तुमचं म्हणणं एकच होतं याचा तो लेखी पुरावा असतो.

चार-पाच ओळी पुरे. "दि. __ रोजीच्या चलन क्र. __ मधील फोटोत सिग्नलचा दिवा व स्टॉप लाइन दिसत नाही. त्यामुळे उल्लंघन सिद्ध होत नाही. चलन रद्द करावे. सोबत फोटो." पोलिसांना शिव्या नाहीत, भ्रष्टाचाराचे आरोप नाहीत. "यापुढे असं होणार नाही, या वेळी माफ करा" हे वाक्य तर अजिबात नाही, त्यात तुम्ही गुन्हा मान्य करून बसता.

पोलिसानं खासगी मोबाइलवर फोटो काढून मागाहून चलन टाकलं असेल तर तेही लिहा. जुलै २०२५ मध्ये राज्याच्या वाहतूक विभागाच्या वरिष्ठ कार्यालयानंच असं करू नका म्हणून परिपत्रक काढलंय.

*तपासणी: तक्रार क्रमांक आणि तारीख लिहून घेतली? नकाराचं उत्तर आलं तर तेही सेव्ह केलं?*

५. केस कोर्टात कशी पोचते ते समजून घ्या

तीन वेगवेगळ्या गोष्टी लोक एकच समजतात.

पहिली, लोकअदालत. चलन थकलं की लोकअदालतीची नोटीस किंवा मेसेज येतो. लोकअदालत हा तडजोडीचा मंच आहे, तिथं साक्षीपुरावा होत नाही, तुम्ही बरोबर का पोलीस बरोबर हे ठरत नाही. तिथं पैसे भरलेत की संपलं. लढायचं असेल तर तिथं तडजोड करू नका, नाही केली तर ती गोष्ट गुन्हा कबूल केल्यासारखी धरली जात नाही.

दुसरी, व्हर्च्युअल कोर्ट, म्हणजे ऑनलाइन कोर्ट. महाराष्ट्रात हे २०२० मध्ये नागपूरला सुरू झालं. ई-कोर्टच्या व्हर्च्युअल कोर्ट पोर्टलवर गाडी नंबर, चलन नंबर किंवा मोबाइलवरून तुमची केस सापडते. तिथं ओटीपी टाकल्यावर दोन पर्याय येतात, सुचवलेला दंड भरतो किंवा केस लढवतो. लढवतो निवडलं की केस हद्दीतल्या नेहमीच्या कोर्टाकडे जाते. घाईत पहिलं बटण दाबणारे खूप आहेत, वाचून दाबा.

तिसरी, समन्स. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी किंवा मोटार वाहन कोर्टाचं समन्स येतं, त्यावर खटला क्रमांक आणि तारीख असते. त्यात टपालानं गुन्हा कबूल करून दंड पाठवायचा पर्यायही लिहिलेला असतो, तो तुमच्यासाठी नाही.

*सावध राहा: समन्स आल्यावर न जाणं ही सगळ्यात महाग चूक. आधी जामीनपात्र वॉरंट निघू शकतं आणि पाचशे रुपयांच्या चलनासाठी पोलीस दारात येतात. जायला जमत नसेल तर त्या दिवशी कोणाकडून तरी हजेरी माफीचा अर्ज कारणासह पोचवा.*

६. फाइल लावा

साधी कापडी दोरीची फाइल. वरून खाली हा क्रम: समन्स, चलनाची प्रिंट, चलनाचा रंगीत फोटो, तुमची ऑनलाइन तक्रार आणि उत्तर, आरसी-लायसन्स-विमा-पीयूसीच्या प्रती, तुमचे फोटो मागं तारीख-वेळ लिहून, आरटीआयचं उत्तर. प्रत्येकाच्या तीन प्रती, एक कोर्टाला, एक सरकारी वकिलाला, एक तुम्हाला. पानांना नंबर घाला. आधार कार्ड आणि दोन पासपोर्ट फोटो बरोबर ठेवा, जातमुचलका (तारखेला हजर राहीन अशी स्वतःची लेखी हमी) लिहून द्यावा लागला तर लागतात.

एक अर्ज मराठीत लिहून न्या, जिल्हा पातळीवरच्या कोर्टात मराठीत अर्ज चालतो:

"मा. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी साहेब, यांच्या न्यायालयात. खटला क्र. __. महाराष्ट्र शासन विरुद्ध __. आरोपीतर्फे अर्ज: चलनासोबतचे सर्व फोटो, मोजमापाची नोंद व इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र यांच्या प्रती मिळणेबाबत." खाली दोन-तीन ओळीत विनंती, सही, तारीख. कोर्ट फी स्टँप किती लावायचा ते तिथल्या खिडकीवर विचारा. वकीलपत्र लागत नाही, तुम्ही स्वतः उभे राहताय.

७. पहिली तारीख

अकराच्या आधी पोचा. आदल्या रात्री ई-कोर्ट ॲपवर केस आहे का बघा आणि सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर (तुमच्या केसचा स्वतंत्र ओळख क्रमांक) सेव्ह करा. दाराबाहेर त्या दिवसाचा बोर्ड लावलेला असतो, त्यात तुमचा नंबर कितवा ते बघा. फोन बंद. बाहेर "दोनशे द्या, लगेच संपवतो" म्हणणारे भेटतील, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका, ते संपवतात म्हणजे तुमच्या नावानं कबुली देतात.

पुकारा झाला की पुढे जा, नमस्कार करा, नाव सांगा, "साहेब, मी स्वतः बाजू मांडणार आहे." मॅडम असतील तर मॅडम. न्यायाधीश गुन्ह्याचं स्वरूप वाचून दाखवतील आणि विचारतील, गुन्हा कबूल आहे का? याचं उत्तर एकाच वाक्यात द्यायचं: "नाही साहेब, गुन्हा कबूल नाही."

मी इथं चुकलो होतो. मला वाटलं आता सगळं सांगायची वेळ आली म्हणून मी फोटो काढून सुरुवात केली, तर न्यायाधीशांनी थांबवलं आणि पुन्हा तेवढंच विचारलं, कबूल की नाकबूल. ही वेळ बाजू मांडायची नसते. "हो पण" हे दोन शब्द तर बोलूच नका, त्यातला "हो" रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या नोंदीत) गेला की पण राहून जातो.

कबुलीवर शिक्षा झाली की नंतर अपिलात गुन्हाच झाला नाही असं म्हणायला जवळपास वाव राहत नाही. नाकबूल नोंदलं गेलं की तुमचा प्रतींचा अर्ज द्या, मुदतीचा मुद्दा असेल तर तोही लेखी द्या, आणि पुढची तारीख घ्या.

*तपासणी: निघण्यापूर्वी बेंच क्लार्ककडून पुढची तारीख आणि कशासाठी आहे ते लिहून घेतलं? "नाकबूल" असं नोंदलंय ना, हे नम्रपणे विचारलं?*

८. साक्षीची तारीख

इथं चलन करणारा पोलीस कर्मचारी किंवा अधिकारी साक्ष देतो. तो आला नाही तर पुढची तारीख पडते. मनाची तयारी ठेवा, एका तारखेत हे संपत नाही, दोन-तीन तरी रजा जातील. नोकरीमुळे तेवढं जमणार नसेल तर हे आधीच ठरवलेलं बरं.

सरतपास (सरकारी वकिलानं आपल्या साक्षीदाराला विचारलेले प्रश्न) झाला की तुम्हाला उलटतपासाची संधी मिळते. सहा-सात प्रश्न आधीच कागदावर लिहून न्या. प्रश्न छोटा, उत्तर हो किंवा नाही येईल असा, आणि शक्यतो ज्याचं उत्तर फोटोतच आहे असा. माझे होते:

हा फोटो याच चलनाचा आहे ना? यात सिग्नलचा दिवा दिसतो का? स्टॉप लाइन दिसते का? यापेक्षा दुसरा फोटो कोर्टात दिलाय का? प्रमाणपत्र जोडलंय का?

इथं थांबा. "मग तुम्ही चलन केलंच का?" हा प्रश्न विचारायचा मोह मला पण झाला होता, विचारू नका, कारण मग साक्षीदाराला सविस्तर खुलासा करायची संधी तुम्ही स्वतः देता. आणि त्याच्याशी वाद घालू नका, तो चार तास उन्हात उभा राहून आलेला माणूस आहे, तुम्ही फक्त कागदाबद्दल विचारताय.

नंतर न्यायाधीश तुमचा जबाब घेतात, म्हणजे पुराव्यात आलेल्या गोष्टींवर तुमचं म्हणणं विचारतात. इथं तुमची बाजू थोडक्यात सांगा. तुमचे फोटो किंवा कागद पुराव्यात यावेत असं वाटत असेल तर स्वतः शपथेवर साक्ष देता येते, त्यासाठी लेखी अर्ज करा, मग सरकारी वकील तुमचाही उलटतपास घेतील. सरकारपक्षाचा पुरावाच अपुरा असेल तर मी शक्यतो साक्षीला उभं राहू नका म्हणेन, पण गाडी दुसरीकडे होती असा तुमचा मुद्दा असेल तर उभं राहण्याला पर्याय नाही.

शेवटी युक्तिवाद, दोन मिनिटांचा. मुद्दा, कागदाचा पान नंबर, नियम. बस.

९. निकालानंतर

निर्दोष सुटलात तर त्याच दिवशी नकलेचा अर्ज द्या. इथं बहुतेक लोक आनंदात घरी जातात आणि चार महिन्यांनी गाडी विकायला काढल्यावर कळतं की पोर्टलवर चलन अजून थकीत दिसतंय. निकालाची प्रमाणित नक्कल मिळाली की एक प्रत अर्जासह वाहतूक शाखेत द्या, पोच घ्या, आणि दर आठवड्याला पोर्टल तपासा.

दंड झाला तर कोर्टाच्या खिडकीवर भरून पावती घ्या आणि पोर्टलवर त्याच चलनाचे पैसे परत भरू नका. निकाल चुकीचा वाटत असेल तर सत्र न्यायालयात अपिलाची मुदत साधारण ३० दिवस असते, मात्र अगदी छोट्या दंडाला काही वेळा अपील नसतं, फक्त पुनरीक्षण अर्ज (निकाल कायद्यानं बरोबर आहे का हे वरच्या कोर्टानं तपासावं असा अर्ज) करता येतो. या टप्प्यावर मात्र एकदा वकिलाचा सल्ला घ्या, आणि पैसे परवडत नसतील तर कोर्टाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तिथं फाइल घेऊन जा.